दुधाच्या गाडीवरचा लेफ्ट बॅक : एडी हॅपगुडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडी हॅपगुड म्हणजे नेमका कोण?

लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचा १९३० च्या दशकातला लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) आणि इंग्लंडचा कॅप्टन. पूर्ण नाव एड्रिस आल्बर्ट हॅपगुड. जन्म २४ सप्टेंबर १९०८, ब्रिस्टल. पाच वेळा लीग विजेता, दोनदा एफए कप विजेता, इंग्लंडकडून ३० सामने आणि त्यातल्या २१ सामन्यांत कॅप्टन.

एवढं असूनही बहुतेकांना तो भेटतो एका फोटोतून. बर्लिनचं स्टेडियम, पांढऱ्या शर्टातले अकरा इंग्लिश खेळाडू आणि अकरांचेही उजवे हात नाझी सलामीत वर. त्या संघाचा कॅप्टन हॅपगुड होता. फोटोबद्दल पुढे लिहिलंच आहे, पण माणूस फोटोपेक्षा बराच मोठा आहे, म्हणून सुरुवात दुधापासून करू.

तो खरंच दूधवाला होता का?

हो. ब्रिस्टलमध्ये तो घोडागाडीवरून घरोघर दूध पोचवायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्थानिक फुटबॉल खेळायचा. गावच्या ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला बोलावलं. हंगामात आठवड्याला ८ पौंड, म्हणजे तेव्हाच्या इंग्लिश फुटबॉलमधली कमाल मजुरी. पण उन्हाळ्यात सामने नसतात, तेव्हा काय? तेव्हा कोळशाची गाडी हाकायची, असा तो सौदा होता.

हॅपगुडने नकार दिला. दुधाची गाडी चालवणारा कोळशाची गाडी चालवणाऱ्यापेक्षा एक पायरी वरचा, असा त्याचा हिशोब होता. मला ही गोष्ट फार आवडते. पुढे ज्याने देशाचं कॅप्टनपद भूषवलं, त्याचं पहिलं करिअर ठरलं ते दूध की कोळसा या प्रश्नावर. आणि आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही; कुठलं काम वरचं आणि कुठलं खालचं, याची उतरंड आपणही जन्मापासून पाठ केलेली असते.

मग तो केटरिंग टाउन या छोट्या, लीगबाहेरच्या क्लबकडे गेला. पैसे निम्मे, पण कोळसा नाही.

केटरिंगहून आर्सेनलमध्ये कसा पोचला?

जेमतेम डझनभर सामने खेळला असेल, तोवर आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन केटरिंगला हजर झाले. १९२७ चा ऑक्टोबर होता. चॅपमननी त्याच्या खेळाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की सिगारेट ओढतोस का, दारू पितोस का. दोन्हींना ‘नाही’ आल्यावर लगेच सहीचा कागद पुढे. केटरिंगला मिळाले ९५० पौंड. त्याच चॅपमननी वर्षभरात डेव्हिड जॅक या फॉरवर्डसाठी १० हजारांवर पौंड मोजले, त्यावरून भाव काढा.

सहीचे जे काही पैसे हातात पडले ते घेऊन पोरगा आगगाडीत बसला आणि डब्यात भेटलेल्या पत्त्यांच्या ठगांनी ते साफ केले. ही कबुली त्याने स्वतःच देऊन ठेवली आहे. वय वर्षं १९.

तो शाकाहारी होता, हे खरं?

सुरुवातीला होता, आणि त्यावरून एक किस्सा आहे. आर्सेनलमध्ये आला तेव्हा तो हडकुळाच होता. त्या काळचा चेंडू चामड्याचा, तोंडाला वादीने बांधलेला. पाऊस पडला की चामडं पाणी प्यायचं आणि चेंडू ओल्या गोणीसारखा जड व्हायचा. वरून येणारा असा चेंडू डोक्याने परतवायचा आणि त्यात वादीची गाठ नेमकी कपाळावर बसली तर डोळ्यांपुढे तारे. हॅपगुडच्या डोळ्यांपुढे तर अंधारच यायचा. हेडर मारून तो मैदानात बेशुद्ध पडल्याचे प्रकार एकापेक्षा जास्त वेळा घडले.

ट्रेनर टॉम व्हिटेकरने (हाच पुढे क्लबचा मॅनेजर झाला) निदान केलं की पोराच्या अंगात ताकद नाही. औषध : बीफ स्टेक. हॅपगुडने खायला सुरुवात केली, अंग भरलं आणि बेशुद्ध पडणं थांबलं. आजचे डॉक्टर दोष आहारापेक्षा डोक्यावर आदळणाऱ्या चेंडूला देतील, आणि मला विचाराल तर तेच बरोबर वाटतं. पण १९२८ मध्ये मेंदूच्या इजेचा विचार मैदानावर कोण करत होतं?

लेफ्ट बॅक म्हणून त्याचं काम आजच्यासारखंच होतं का?

नाही. इथे थोडं थांबावं लागेल, कारण हे कळलं नाही तर हॅपगुड कळत नाही.

१९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन जण हवेत, नाहीतर चाल नियमबाह्य. १९२५ च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन केले. बचाव करणाऱ्यांची जुनी गणितं एका रात्रीत मोडली आणि लीगभर गोलांचा पाऊस पडू लागला. ३ ऑक्टोबर १९२५ ला आर्सेनल न्यूकासलकडून ७–० असा हरला. त्यानंतर आर्सेनलच्याच चार्ली बुकन या खेळाडूने चॅपमनना गळ घातली, की मधल्या फळीतला सेंटर हाफ मागे ओढा आणि त्याला फक्त बचाव करू द्या. त्यातून मैदानावर डब्ल्यू आणि एम अशी अक्षरं मांडल्यासारखी रचना तयार झाली. मधोमध भिंतीसारखा हर्बी रॉबर्ट्स, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन फुलबॅक.

आजचा लेफ्ट बॅक अर्धा वेळ प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नर फ्लॅगपाशी असतो. हॅपगुडने मध्यरेषा ओलांडली तरी भुवया उंचावल्या असत्या. समोरच्या विंगरला आत येऊ न देणं, त्याला हळूहळू साइडलाइनकडे ढकलत नेणं, आणि रॉबर्ट्स हुकला तर त्याच्या मागची जागा झाकणं, हे त्याचं काम. त्या काळचे अनेक फुलबॅक आधी माणूस आडवा करायचे, मग चेंडू शोधायचे. हॅपगुड वेळ काढायचा, विंगरला पहिली चाल करायला लावायचा आणि मग चेंडू काढून घ्यायचा. चेंडू मिळाल्यावर आकाशात भिरकावून देण्यापेक्षा जवळच्या सहकाऱ्याला देणं त्याला पसंत होतं. बचावपटू असूनही तो देखणा खेळ खेळायचा, अशी त्याची ख्याती होती.

जॉर्ज मेलबरोबरची जोडी कशी जमली?

मेल हा मुळात लेफ्ट हाफ. कॅप्टन आणि राइट बॅक टॉम पार्करचं वय झालं, तेव्हा १९३२ मध्ये चॅपमननी मेलला ऑफिसात बोलावून सांगितलं की तू आता राइट बॅक. मेलच्या आठवणीप्रमाणे खोलीत शिरताना तो त्या जागेवर कधी खेळलेलाही नव्हता, आणि बाहेर पडताना देशातला सर्वोत्तम राइट बॅक आपणच, अशी त्याची खात्री पटली होती. उजवीकडे मेल, डावीकडे हॅपगुड, ही जोडी आर्सेनलकडून आणि पुढे इंग्लंडकडूनही खेळली.

आर्सेनलकडून किती सामने? कुठे ४३४ दिसतात, कुठे ४४०.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजणी वेगळी. लीगचे ३९३, एफए कपचे ४१, झाले ४३४. चॅरिटी शील्ड या हंगामातल्या एकाच सामन्याच्या स्पर्धेचे ६ धरले की ४४०. त्या सगळ्यात मिळून गोल २. पदार्पण १९ नोव्हेंबर १९२७, बर्मिंगहॅमविरुद्ध. १९२९ पासून लेफ्ट बॅकची जागा त्याची, ती युद्ध सुरू होईपर्यंत.

कोणकोणत्या ट्रॉफी जिंकल्या?

लीग : १९३०–३१, १९३२–३३, १९३३–३४, १९३४–३५ आणि १९३७–३८. एफए कप : १९३० आणि १९३६.

१९३० चा कप ही आर्सेनलची पहिली मोठी ट्रॉफी. समोर हडर्सफील्ड, म्हणजे चॅपमनचा जुना क्लब. सामना चालू असताना ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज वेम्बलीवर इतकं खाली आलं की सावली मैदानावर पडली. आर्सेनल २–० जिंकला. पुढच्या हंगामात ४२ सामन्यांत १२७ गोल आणि ६६ गुण (तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत) घेऊन लीग पहिल्यांदाच दक्षिणेकडच्या क्लबकडे आली.

१९३२ च्या फायनलमध्ये मात्र न्यूकासलकडून १–२ हार झाली, आणि त्यांचा पहिला गोल ज्या पासवर झाला तो चेंडू आधीच गोलरेषेबाहेर गेला होता. न्यूजरीलमध्ये ते दिसतं. व्हीएआरवर (व्हिडिओ पाहून निर्णय देणाऱ्या रेफरीवर) वैतागणाऱ्यांनी ही फिल्म एकदा जरूर पाहावी.

वॉल्सॉलने आर्सेनलला हरवलं तेव्हा तो खेळत होता का?

नव्हता. १४ जानेवारी १९३३, एफए कप, तिसऱ्या विभागातला वॉल्सॉल २–० ने जिंकला. आजही इंग्लंडमध्ये धक्कादायक निकालांची यादी निघाली की हा सामना वर असतो. त्या दिवशी हॅपगुडच्या जागी टॉमी ब्लॅक नावाचा मुलगा होता. त्याच्या फाउलवर पेनल्टी गेली आणि चॅपमननी काही दिवसांतच त्याला प्लिमथला विकून टाकलं. चॅपमन प्रेमळ होते असं सगळे लिहितात. ब्लॅकला विचारायला हवं होतं.

‘हायबरीची लढाई’ काय प्रकार होता?

१४ नोव्हेंबर १९३४. इटली पाच महिन्यांपूर्वी विश्वविजेता झाला होता. इंग्लंड १९२८ मध्येच फिफातून बाहेर पडल्यामुळे वर्ल्ड कपला गेलाच नव्हता, आणि खरे जगज्जेते आपणच अशी इंग्लिशांची समजूत. सामना हायबरीवर, म्हणजे आर्सेनलच्या घरच्या मैदानावर, आणि इंग्लंडच्या अकरांत सात जण आर्सेनलचे : मॉस, मेल, हॅपगुड, कॉपिंग, बाउडेन, ड्रेक, बॅस्टिन. हॅपगुड पहिल्यांदाच देशाचा कॅप्टन.

पहिल्या मिनिटात इंग्लंडला पेनल्टी मिळाली, एरिक ब्रुकची किक इटलीच्या गोलकीपरने अडवली. लगेच टेड ड्रेकशी झालेल्या झटापटीत इटलीच्या लुइस मॉन्टीच्या पायाचं हाड मोडलं. हे मुद्दामच झालं असं इटलीने ठरवलं आणि मग फुटबॉल बाजूला राहिला. बारा मिनिटांत इंग्लंड ३–० पुढे (ब्रुकचे दोन, ड्रेकचा एक), पण त्यानंतर लाथा आणि बुक्क्या. हॅपगुडच्या तोंडावर कोपर बसलं आणि नाक मोडलं.

बदली खेळाडू नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. कॅप्टन बाहेर गेला की संघ दहाचा. हॅपगुड आत गेला, नाकावर उपचार करून घेतले आणि पंधराएक मिनिटांत परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. उत्तरार्धात दहा माणसांच्या इटलीने, तेही चिखलात, जबरदस्त खेळ केला. मेआत्साने पाच मिनिटांत दोन गोल केले. शेवट ३–२. रात्रीच्या मेजवानीत आपल्याला कोपर मारणारा समोर बसून हसत होता, हे हॅपगुड पुढे बरीच वर्षं विसरला नाही.

आणि बर्लिनची सलामी? ती त्याने का दिली?

१४ मे १९३८. आठवडाभर आधी, ७ मेला, आर्सेनलने बोल्टनला ५–० हरवून शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जच्या पुढे एका गुणाने लीग जिंकली होती. त्या आनंदातच हॅपगुड आणि बॅस्टिन इंग्लंडबरोबर बर्लिनला गेले.

त्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. ब्रिटिश सरकारचं धोरण जर्मनीला चुचकारण्याचं. अशात बर्लिनमधले ब्रिटिश राजदूत सर नेव्हिल हेंडरसन यांचा सल्ला आला की जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनीही जर्मन पद्धतीची सलामी द्यावी. फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी स्टॅन्ली राउस यांनी तो मान्य केला.

ड्रेसिंग रूममध्ये काय झालं, याच्या दोन कहाण्या आहेत. खेळाडू सांगतात की सगळे भडकले, आणि आम्ही नेहमीसारखे सावधान उभे राहू, असं हॅपगुडने अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं. राउस सांगतात की कुणाचा काही आक्षेप नव्हता. माझा कल खेळाडूंकडे आहे, कारण राउस यांना निर्णयाचं समर्थन करायचं होतं. शेवटी हुकूम तो हुकूम. लाखभर लोकांसमोर, गोअरिंग, गोबेल्स आणि हेस प्रेक्षकांत असताना, अकरा हात वर गेले. हिटलर स्वतः आला नव्हता. फोटोखालच्या ओळींत अनेकदा तसं छापतात, ते चूक आहे.

मग इंग्लंडने ६–३ अशी धूळ चारली. रॉबिन्सनचे दोन, बॅस्टिन, ब्रूम, स्टॅन्ली मॅथ्यूज आणि गोल्डन यांचा एकेक. स्कोअर आज फार थोड्यांना आठवतो. हॅपगुडने १९४५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यात हा प्रसंग आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा म्हणून येतो.

त्याने सरळ नकार का दिला नाही?

हा प्रश्न विचारणं सोपं आहे, मीही विचारतो. पण तेव्हाच्या फुटबॉलपटूची स्थिती बघा. मजुरी हंगामात ८ पौंड, उन्हाळ्यात ६, याच्या वर लीगच्या नियमानेच नाही. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. देशाचा संघ असोसिएशनची समिती निवडायची. कॅप्टनही तीच नेमायची आणि तीच काढायची. इंग्लंडचा कॅप्टन हा मान होता, अधिकार नव्हता. ज्याच्या हातात दुसरी नोकरीसुद्धा नाही, त्याने परक्या देशात आपल्याच राजदूताविरुद्ध उभं राहायचं, अशी ती अपेक्षा आहे. राउस पुढे ‘सर’ झाले आणि फिफाचे अध्यक्षही. फोटोतली बदनामी मात्र हॅपगुडच्या वाट्याला आली.

इंग्लंडकडून ३० सामने म्हणजे फार नाहीत ना?

आजच्या हिशोबाने नाहीत. पण तेव्हा वर्षाला मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने व्हायचे. पहिला १३ मे १९३३, रोममध्ये इटलीशी १–१. शेवटचा १८ मे १९३९, बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध, १–२ हार. युद्धकाळात तो आणखी १३ सामने खेळला, पण ते अधिकृत धरत नाहीत. म्हणून कुठे ४३ आकडा दिसला तर गोंधळू नका.

युद्धाने त्याचं किती नुकसान केलं?

तो ३१ वर्षांचा होता होता लीग बंद पडली. हायबरी हवाई हल्ल्यांपासून संरक्षणाच्या कामासाठी सरकारने घेतलं आणि आर्सेनल शेजारच्या टॉटनहॅमच्या मैदानावर खेळू लागला (आर्सेनलवाल्यांसाठी ही युद्धातली वेगळी शोकांतिका). हॅपगुड हवाई दलात गेला. लीग पुन्हा सुरू झाली तोवर त्याचे दिवस सरले होते.

त्या आर्सेनलचा आपल्याशी काही संबंध?

हॅपगुडचा थेट नाही, पण त्याच्या डाव्या बाजूने पुढे खेळणाऱ्या एका पोराचा आहे. डेनिस कॉम्प्टन. आर्सेनलचा विंगर आणि इंग्लंडचा फलंदाज. युद्धात त्याची नेमणूक महूला झाली आणि तो सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून रणजी खेळला. मार्च १९४५ मध्ये ब्रेबर्नवर मुंबईविरुद्धच्या फायनलमध्ये विजय मर्चंटनी २७८ केल्या, त्याला उत्तर म्हणून कॉम्प्टनने नाबाद २४९. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. हायबरीच्या ड्रेसिंग रूममधला माणूस चर्चगेटला येऊन अडीचशेच्या उंबरठ्यावर नाबाद राहिला, हे आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होतं. आम्हाला आर्सेनल कळला तो टीव्हीवरून.

निवृत्तीनंतर काय केलं?

मॅनेजर झाला. आधी ब्लॅकबर्न, मग १९४८ ते १९५० वॉटफर्ड, मग १९५६ पर्यंत लीगबाहेरचा बाथ सिटी. मोठं यश कुठेच नाही. त्यानंतर फुटबॉल संपलं आणि त्याने हार्वेल आणि वेमथ इथे वायएमसीएची वसतिगृहं सांभाळली.

पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्याने आर्सेनलला मदतीसाठी पत्र लिहिलं. क्लबकडून आले ३० पौंड. पाच लीग, दोन कप, ४४० सामने. भागाकार मी करून पाहिला होता; सामन्यामागे दीड शिलिंगही (शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग) पडत नाही.

२० एप्रिल १९७३ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लेमिंग्टन स्पा इथे तो वारला. वय ६४.

लंडनला गेलो तर त्याच्या खुणा कुठे दिसतील?

पिकॅडिली लाइनने आर्सेनल स्टेशनला उतरा. पूर्वी ते गिलेस्पी रोड होतं, १९३२ मध्ये चॅपमननी खटपट करून नाव बदलून घेतलं. बाहेर पडून थोडं चाललं की एव्हनेल रोडवर हायबरीच्या ईस्ट स्टँडची दर्शनी बाजू अजून उभी आहे, १९३६ ची, पांढरी, मधोमध क्लबचं चिन्ह. २००६ मध्ये क्लब तिथून हलला आणि स्टँडचे फ्लॅट झाले. मैदान होतं तिथे आता रहिवाशांची बाग आहे. लेफ्ट बॅकची जागा मनातल्या मनात आखून पाहायची असेल तर लक्षात ठेवा, हाफटाइमला बाजू बदलतात, त्यामुळे बागेच्या दोन कोपऱ्यांपैकी कुठलाही चालेल.